फुल फ्रेम की क्रॉप सेन्सर? बेळगाव-खानापूरच्या कामावर पारखलेले दोन कॅमेरे

बेळगाव, खानापूर, निपाणी किंवा चिकोडीकडच्या माणसाला नवा कॅमेरा घ्यायचा झाला, की दुकानदार, व्यवसायबंधू आणि यूट्यूबवरचे जाणकार त्याला बहुधा एकच सल्ला देतात: थोडे थांबा, पैसे जमवा, पण घ्याल तर फुल फ्रेमच घ्या. या सल्ल्यात तथ्य किती आहे आणि तो नेमका कोणाला लागू पडतो, हे पाहण्यासाठी मी कॅनन कंपनीचे दोन कॅमेरे आपल्या भागातील नेहमीच्या कामांवर वापरले. ईओएस आर७ हा क्रॉप सेन्सरचा, म्हणजे प्रकाश टिपणारी आतली पाटी (सेन्सर) लहान असलेला, आणि ईओएस आर६ मार्क टू हा फुल फ्रेमचा, म्हणजे ती जुन्या फिल्मच्या चौकटीएवढी मोठी असलेला. माझे मत आधीच सांगून टाकतो. मोठ्या सेन्सरचा लाभ खरा आहे, पण तो ठरावीक मापाचा आहे, आणि त्याला साजेशी लेन्स घेण्याची ऐपत नसेल तर तो लाभ पदरात पडत नाही.

हीच जोडी निवडण्याचे कारण असे, की सेन्सर सोडला तर या दोन कॅमेऱ्यांत बरेच काही समान आहे. दोन्ही २०२२ साली जाहीर झाले, दोन्हींना आरएफ माउंट (लेन्स बसवण्याची कॅननची खाच) आहे, दोन्हींत एलपी-ई६एनएच हीच बॅटरी चालते, दोन्हींत एसडी कार्डाचे दोन स्लॉट आहेत, दोन्हींच्या बॉडीत स्थिरीकरण (हाताचा कंप सावरणारी सोय) आहे आणि माणसाचा, प्राण्याचा, पक्ष्याचा डोळा ओळखणारे ऑटोफोकसही जवळपास एकाच पिढीचे आहे. बॅटरी आणि कार्डासह आर७ चे वजन ६१२ ग्रॅम, तर आर६ मार्क टूचे ६७० ग्रॅम भरते, म्हणजे हातात घेतल्यावर फारसा फरक जाणवत नाही. फरक आहे तो आत. आर७ चा सेन्सर २२.३ × १४.८ मिलिमीटरचा असून त्यावर ३२.५ मेगापिक्सेल बसवले आहेत. आर६ मार्क टूचा ३६ × २४ मिलिमीटरचा असून त्यावर २४.२ मेगापिक्सेल आहेत. दुसरा फरक किमतीतला. भारतात हे कॅमेरे आले तेव्हा आर६ मार्क टूच्या नुसत्या बॉडीला आर७ च्या दुपटीच्या आसपास पैसे मोजावे लागत होते.

क्रॉप सेन्सर म्हणजे कंपन्यांनी गरिबांसाठी काढलेला कमअस्सल माल, अशी एक समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे. ती कितपत खरी हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते. ३६ × २४ मिलिमीटर हे माप फिल्मच्या काळातले असून १९२५ साली बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्याने ते रूढ केले. डिजिटल सेन्सर मात्र सिलिकॉनच्या चकतीवर तयार होतात, आणि चकतीवर नक्षी उमटवणाऱ्या यंत्राचा एका वेळचा आवाका साधारण २६ × ३३ मिलिमीटर असतो. फुल फ्रेम सेन्सर त्यात मावत नाही, म्हणून त्याची नक्षी तुकड्यांत उमटवून जोडावी लागते. शिवाय एका चकतीतून असे सेन्सर कमी निघतात, आणि चकतीवर कोठे दोष असला तर त्यापायी वाया जाणारा तुकडाही मोठा असतो. त्यामुळे निकॉनने १९९९ साली डी१ आणला तो लहान सेन्सरचाच होता, आणि व्यावसायिकांनी तो आनंदाने वापरला. कॅननचा ११ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम १डीएस २००२ साली आला. लग्नाची छायाचित्रे काढणाऱ्यांच्या आवाक्यात ही गोष्ट येण्यासाठी २००५ सालच्या ५डी ची वाट पाहावी लागली.

आता मोजमापाचा मुद्दा. आर६ मार्क टूच्या सेन्सरचे क्षेत्रफळ आर७ च्या अडीचपटीहून थोडे अधिक आहे, म्हणजे समान शटर आणि समान अपर्चर (लेन्सचे प्रकाश आत घेणारे छिद्र) ठेवले तर त्यावर एकूण प्रकाशही तेवढ्याच पटीने अधिक पडतो. स्टॉपच्या भाषेत (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) हा फरक सुमारे १.४ स्टॉप इतका होतो. हा आकडा ध्यानात ठेवावा, कारण पुढचा सगळा व्यवहार त्याच्याभोवती फिरतो.

बेळगावात या १.४ स्टॉपची कसोटी पाहायची तर वैशाखातील शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीइतके योग्य ठिकाण नाही. रात्र चढत जाते, रथावरचे दिवे क्षणाक्षणाला रंग बदलतात, कलाकार प्रसंग सादर करताना एका जागी थांबत नाहीत, आणि फ्लॅश मारला तर देखाव्याच्या प्रकाशयोजनेचे सारे सौंदर्य नाहीसे होते. लेझीम आणि ढोलपथकाची हालचाल थांबवायची तर शटर १/२५० सेकंदापेक्षा संथ ठेवता येत नाही, आणि एफ/२.८ ची लेन्स (एफचा आकडा लहान तितके छिद्र मोठे) असूनही आयएसओ, म्हणजे प्रकाशाबद्दलची संवेदनक्षमता, ६४०० किंवा त्याच्याही वर जातो. अशा वेळी आर६ मार्क टूच्या ६४०० आयएसओवरच्या छायाचित्रात जेवढा नॉइज (ठिपक्यांची खरखर) दिसतो, तेवढाच आर७ वर साधारण २५०० आयएसओला दिसू लागतो. काळ्या फेट्याच्या घड्या, घोड्याच्या अंगावरची सावली आणि मशालीच्या उजेडातला चेहरा या तिन्ही ठिकाणी फुल फ्रेमचा सेन्सर रंग अधिक चांगले सांभाळतो. आर७ च्या सावल्यांत ठिपके येतात आणि त्वचेचा रंग किंचित मातकट होतो. गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीतही कपिलेश्वर तलावाच्या परिसरात मध्यरात्रीनंतर असाच अनुभव येतो. ज्याचा चरितार्थ अशा रात्रींवर आहे त्याने फुल फ्रेम घ्यावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

एक सूचना मात्र दोन्ही कॅमेऱ्यांसाठी द्यायला हवी. मिरवणुकीतील एलईडी दिवे डोळ्यांना स्थिर वाटले तरी प्रत्यक्षात अतिशय वेगाने लुकलुकत असतात, आणि आवाज टाळण्यासाठी इलेक्ट्रॉनिक शटर (पडदा न हलवता सेन्सर ओळीओळीने वाचून चित्र घेणारे) लावले की छायाचित्रावर आडवे पट्टे उमटतात. आर७ चा सेन्सर सावकाश वाचला जात असल्याने त्याच्यावर हे पट्टे अधिक ठळक येतात. त्याचे यांत्रिक शटर सेकंदाला १५ छायाचित्रे काढते, तेव्हा रात्रीच्या कामासाठी ते सोडण्याची गरजही नाही. त्याचा आवाज मोठा आणि काहीसा खडखडीत आहे, पण ढोलताशांच्या गजरात तो ऐकायला कोणाला सवड असते?

लग्नकार्याचा विषय याहून गुंतागुंतीचा आहे. मंगल कार्यालयात अक्षता पडतात तो क्षण टिपताना बहुतेक छायाचित्रकार फ्लॅशचा झोत छतावर मारून परावर्तित प्रकाश वापरतात, शिवाय व्हिडिओवाल्याचा दिवा जोडीला असतोच, त्यामुळे आयएसओ ८०० ते १६०० च्या पुढे क्वचित जातो. त्या पातळीवर काढलेली दोन्ही कॅमेऱ्यांची छायाचित्रे १२ × ३६ इंची अल्बमच्या पानावर छापून शेजारी ठेवली, तर कोणते कोणत्या कॅमेऱ्याचे हे ओळखणे व्यवसायातील माणसालाही कठीण जाईल. यजमानांचा तर प्रश्नच नाही. दिवसा मांडवात होणाऱ्या हळदीलाही हेच लागू आहे. आज मिळणारी नॉइज कमी करणारी सॉफ्टवेअरे उरलासुरला फरक आणखी घटवतात, अर्थात त्यासाठी संगणक बरा लागतो आणि शेकडो छायाचित्रे त्यातून काढायची तर रात्र जाते.

फुल फ्रेमची सरशी लग्नात दोन जागी दिसते. पहिली जागा म्हणजे वधूवरांची एकांतातील छायाचित्रे. आर७ चा सेन्सर सुमारे १.६ पट अरुंद असल्याने ५० मिलिमीटर एफ/१.८ ची लेन्स त्यावर लावली तर चौकटीत येणारे दृश्य आणि पार्श्वभूमीचा धूसरपणा हे दोन्ही फुल फ्रेमवरील ८० मिलिमीटर एफ/२.९ सारखे मिळतात. हे वाईट नव्हे, पण फुल फ्रेमवर ८५ मिलिमीटर एफ/१.८ लावणाऱ्याच्या मागचा कार्यालयाचा भडक पडदा जसा विरघळतो, तसा येथे विरघळत नाही. दुसरी जागा म्हणजे शहापूर किंवा खडे बाजार परिसरातील जुनी घरे. माजघर अरुंद, देवघरात उजेड जेमतेम, आणि देवक बसवताना घरातली दहा माणसे त्या एवढ्याशा जागेत दाटीने उभी. छायाचित्रकाराची पाठ भिंतीला टेकलेली असते आणि आणखी मागे जाण्याचा मार्ग नसतो. कॅननची १६ मिलिमीटर एफ/२.८ ही छोटी लेन्स फुल फ्रेमवर अशा खोलीत सगळ्यांना सामावून घेते. तीच आर७ वर जवळपास २६ मिलिमीटरसारखी वागते आणि दोन्ही कडांची माणसे चौकटीबाहेर जातात. क्रॉप सेन्सरसाठी कंपनीची १०-१८ मिलिमीटरची लेन्स आहे, ती हलकी आणि उपयोगी आहे, पण तिचे अपर्चर एफ/४.५ पासून सुरू होते. म्हणजे जेथे प्रकाश सर्वांत कमी तेथेच लेन्सही अंधारी, असा दुहेरी तोटा पदरी येतो.

खानापूरच्या जंगलाकडे वळले की पारडे फिरते. जांबोटीहून कणकुंबी आणि पुढे चोर्ला घाटाकडे जाणारा रस्ता, तसेच २०११ साली अभयारण्य म्हणून जाहीर झालेल्या भीमगडचा आसपासचा टापू, हा आमच्याकडील पक्षी पाहणाऱ्यांचा आवडता भाग आहे. अभयारण्याच्या आत वन खात्याच्या परवानगीशिवाय जाता येत नाही, त्यामुळे पुष्कळदा रस्त्याच्या कडेने, दूरच्या उंच झाडावर बसलेल्या धनेशावर समाधान मानावे लागते. येथे पक्ष्याजवळ जाणे आपल्या हाती नसते आणि लेन्सची लांबी कधीच पुरी पडत नाही. कॅननच्या १००-४०० एफ/५.६-८ या लेन्सचे ४०० मिलिमीटरचे टोक आर७ वर ६४० मिलिमीटरसारखे दृश्य देते, आणि ते पूर्ण ३२.५ मेगापिक्सेलमध्ये देते. हीच लेन्स आर६ मार्क टूवर लावून तेवढेच दृश्य हवे असेल तर छायाचित्र कापावे लागते, आणि कापल्यावर हाती सुमारे साडेनऊ मेगापिक्सेल उरतात. धनेशाच्या चोचीवरील शिंगाची कड, पंखातील पांढरा पट्टा, डोळ्याभोवतीची त्वचा हे सारे आर७ वर अधिक पिक्सेलांनी रेखले जाते.

या ठिकाणी नेहमी एक आक्षेप घेतला जातो, की पिक्सेल अधिक असले तरी फुल फ्रेमचा नॉइज कमी असतो. चौकट पूर्ण वापरली तर ते खरे आहे. छायाचित्र कापल्यावर मात्र फुल फ्रेम सेन्सरचा जो मधला तुकडा शिल्लक राहतो तो क्रॉप सेन्सरएवढाच असतो, पक्ष्यावरून आलेला प्रकाशही तेवढाच असतो, आणि ज्या १.४ स्टॉपसाठी दुप्पट पैसे मोजले तो कापलेल्या कडांबरोबर निघून जातो. पक्ष्यांसाठी फुल फ्रेमचा फायदा खरोखर हवा असेल तर लेन्सही तेवढी लांब घ्यावी लागते. कॅननची २००-८०० मिलिमीटरची लेन्स त्या कामाची आहे, आणि ६४० मिलिमीटरच्या आसपास ती वरच्या जोडीपेक्षा साधारण एक स्टॉप अधिक प्रकाश मिळवून देते. पण ती एकटी २,०५० ग्रॅम भरते आणि बॉडीसह ओझे २,७२० ग्रॅमवर जाते, तर आर७ आणि १००-४०० मिळून १,२४७ ग्रॅममध्ये काम होते. चढावर आणि चिखलात हा फरक खांद्याला लगेच कळतो.

तरीही आर७ निर्दोष आहे असे म्हणता येणार नाही. दाट झाडीत सकाळी एफ/८ वर आयएसओ सहज ६४०० च्या पुढे जातो आणि छायाचित्राला साफसफाईची गरज पडते. उडत्या पक्ष्यावर इलेक्ट्रॉनिक शटर वापरले तर पंख वाकडे येतात, कारण सेन्सर वरून खालपर्यंत वाचून होईतो पंखाची जागा बदललेली असते. सलग छायाचित्रे घेताना रॉ (प्रक्रिया न केलेल्या, मोठ्या) फायलींनी त्याची तात्पुरती साठवण लवकर भरते, आणि नेमका पक्षी झेपावतो त्या वेळी कॅमेरा मंदावतो. व्ह्यूफाइंडरही आर६ मार्क टूचा सरस आहे, ३६.९ लाख ठिपक्यांच्या पडद्यातून पाहिल्यानंतर आर७ चा २३.६ लाखांचा पडदा खरखरीत वाटतो. जॉयस्टिकभोवती फिरणारी चकती हा त्याचा आणखी एक विचित्र भाग. अंगठ्याला तिची सवय होते, पण दोन्ही कॅमेरे आलटून पालटून वापरणाऱ्याचा प्रत्येक वेळी गोंधळ उडतो.

मोकळ्या पाण्यावर, म्हणजे घटप्रभेवरील धुपदाळच्या जलाशयासारख्या ठिकाणी, हिवाळ्यात स्वच्छ ऊन असते आणि आयएसओ ४०० ते ८०० पुरतो. तेथे आर७ ला तोड नाही.

निसर्गचित्रे आणि मंदिरे यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. हलशीच्या कदंबकालीन मंदिरांचे खांब किंवा राजहंसगडावरून दिसणारा येळ्ळूरचा शिवार तिपाईवरून १०० आयएसओला टिपला तर दोन्ही कॅमेरे उत्तम काम करतात. पावसाळ्यात गोकाकच्या धबधब्याचा उजळ फेस आणि शेजारचा काळा खडक एकाच चौकटीत आला, तर खडकातील तपशील वर काढताना फुल फ्रेमची फाईल थोडी अधिक ताण सोसते, इतकेच. आर७ वर अपर्चर एफ/११ च्या पुढे बंद करू नये; त्याचे पिक्सेल बारीक असल्याने प्रकाशाच्या विवर्तनामुळे येणारा मऊपणा लवकर दिसू लागतो.

आता पैशांचा मुद्दा, कारण आपल्याकडील खरी अडचण तीच आहे. ज्यांना आर६ मार्क टू झेपत नाही त्यांना कॅननचा स्वस्त फुल फ्रेम, ईओएस आर८, सुचवला जातो. कॅमेरा चांगला आहे, सेन्सरही त्याच तोडीचा आहे, पण त्यात बॉडीतील स्थिरीकरण नाही, कार्डाचा स्लॉट एकच आहे आणि बॅटरी लहान आहे. लग्नाचे काम घेणाऱ्याने एकाच कार्डावर विसंबून राहणे मला पटत नाही. याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की तो बहुधा २४-५० एफ/४.५-६.३ या किट (कॅमेऱ्याबरोबरच मिळणाऱ्या) लेन्ससह घेतला जातो, आणि बॉडीवर सारे पैसे संपल्यामुळे तीच लेन्स वर्षानुवर्षे त्यावर राहते. याउलट २०२४ पासून सिग्मा आणि टॅमरॉन यांच्या क्रॉप सेन्सरसाठीच्या लेन्स आरएफ माउंटमध्ये मिळू लागल्या आहेत, आणि त्यांतली सिग्माची १८-५० एफ/२.८ अवघी ३०० ग्रॅमची आहे. क्रॉपच्या मापाने पाहिले तर ती फुल फ्रेमवरील २९-८० एफ/४.५ सारखी ठरते आणि सबंध पल्ल्यात तशीच राहते. म्हणजे रुंद टोकाला दोघे बरोबरीत, आणि लांब टोकाला क्रॉप सेन्सरवाला किट लेन्सच्या फुल फ्रेमपेक्षा सुमारे एक स्टॉप पुढे. ज्या प्रकाशासाठी मोठा सेन्सर घेतला तो लेन्सच्या तोंडाशीच अडवला जात असेल, तर सेन्सरचे मोठेपण काय कामाचे?

फुल फ्रेमला न्याय द्यायचा तर २८-७० एफ/२.८ ही लेन्स हा त्यातल्या त्यात परवडणारा पर्याय आहे. आर६ मार्क टूवर ती लावून वजन १,१६५ ग्रॅम होते. कंपनीची व्यावसायिक दर्जाची २४-७० एफ/२.८ घेतली तर १,५७० ग्रॅम. आर७ आणि सिग्माची जोडी ९१२ ग्रॅममध्ये आटोपते. फुल फ्रेमचा खर्च मांडताना बॉडीची किंमत आणि या लेन्सची किंमत एकत्रच धरावी, आणि ती बेरीज आवाक्याबाहेर जात असेल तर फुल फ्रेमचा नाद सोडून द्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. वर्षातून मोजक्याच रात्री त्याची गरज पडत असेल, तर तेवढ्यापुरती बॉडी भाड्याने घेणे हा बरा मार्ग आहे.

व्हिडिओ हे अनेकांचे मुख्य उत्पन्न असल्याने त्याबद्दलही दोन शब्द. सेकंदाला ६० फ्रेमचे फोरके (सुमारे चार हजार पिक्सेल रुंदीचे चित्रण) आर६ मार्क टू सेन्सरची पूर्ण रुंदी वापरून आणि उत्तम दर्जाचे देतो. आर७ त्या वेगाला एकतर ओळी गाळून मऊ चित्र देतो किंवा चौकट आणखी कापतो. सेकंदाला ३० फ्रेमवर मात्र त्याचे फोरके अतिशय रेखीव आहे. लग्नातील नाचाचे संथगती दृश्य हवे असणाऱ्याने हे पाहून घ्यावे.

पावसाबद्दल म्हणायचे तर दोन्ही बॉडी थेंबांपासून बऱ्यापैकी सुरक्षित आहेत, पण १००-४०० आणि वर आलेल्या बहुतेक स्वस्त लेन्सना तसे संरक्षण नाही. कणकुंबीच्या पावसात प्लास्टिकचे आवरण हवेच, आणि घरी आल्यावर कॅमेरा ओल्या पिशवीत तसाच ठेवला तर लेन्सला बुरशी धरायला वेळ लागत नाही. आषाढ-श्रावणात हवाबंद डबा आणि सिलिका जेल यांवर केलेला खर्च कोणत्याही सेन्सरपेक्षा अधिक उपयोगी पडतो.

खरेदी बेळगावात करावी, कोल्हापुरात की हुबळीत, याने किमतीत फारसा फरक पडत नाही. मात्र बिल भारतीय जीएसटीचे असावे आणि त्यावर बॉडीचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. परदेशातून आलेला बिनबिलाचा माल स्वस्त पडतो, पण त्याला येथील वॉरंटी मिळत नाही.

ज्यांच्याकडे डीएसएलआरच्या काळातील ईएफ लेन्स पडून आहेत, त्यांनी त्या घाईने विकू नयेत. कॅननच्या अडॅप्टरने त्या दोन्ही कॅमेऱ्यांवर ऑटोफोकससह चालतात, आणि या भागातील बहुतेक लग्न छायाचित्रकारांच्या पेटीत असणारी जुनी ७०-२०० एफ/२.८ आर७ वर ११२-३२० मिलिमीटरसारखे दृश्य देते, जे स्टेजपासून दूर उभे राहून काम करणाऱ्याला सोयीचे पडते. क्रॉपसाठीच्या ईएफ-एस लेन्स आर६ मार्क टूवर बसतात खऱ्या, पण कॅमेरा आपोआप चौकट कापतो आणि २४ ऐवजी साडेनऊ मेगापिक्सेलचेच छायाचित्र देतो. पेटीत मुख्यतः ईएफ-एस लेन्स असतील तर फुल फ्रेमकडे जाताना त्या सगळ्या बदलाव्या लागतील, हा खर्च दुकानदार सहसा सांगत नाही. तो आधीच विचारून घ्यावा.